वर्गाचा विकी, वर्गाचा व्हॉट्सॲप गट आणि सहयोगी शिक्षण

शब्दपेरणी (धागा सुरू करणाऱ्या)

मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात आता सहयोगी शिक्षणाचा उल्लेख होतो. प्रत्यक्षात मात्र बहुतेक महाविद्यालयांत त्यासाठी एकच गोष्ट केली जाते : वर्गाचा व्हॉट्सॲप गट काढला जातो, त्यावर टिपणे आणि सूचना पाठवल्या जातात आणि विद्यार्थ्यांनी त्या पाहिल्याची खूण मिळाली की सहयोग झाला असे मानले जाते. या विषयावर येथे सविस्तर चर्चा व्हावी असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे असे आहे की, विद्यार्थ्यांनी एकमेकांकडून शिकावे असे वाटत असेल, तर त्यांच्या मधोमध एक सामाईक मजकूर असायला हवा. तो कोणालाही बदलता यावा, चुकला तर पूर्ववत करता यावा आणि त्यात कोणी, केव्हा, काय बदलले हे सर्वांना पाहता यावे. गप्पांच्या माध्यमांत असा मजकूर नसतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश फक्त पाठवणाराच दुरुस्त करू शकतो आणि तोही पंधरा मिनिटांच्या आत. दुसऱ्याच्या संदेशातील चूक दिसली, तर त्याखाली आणखी एक संदेश लिहिण्यापलीकडे काही करता येत नाही. परिणामी चुकीचे विधान आणि त्याची दुरुस्ती ही दोन्ही प्रवाहात वाहून जातात, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी शोधणाऱ्याला त्यांपैकी कोणते हाती लागेल हे सांगता येत नाही.

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९५ साली पहिला विकी, म्हणजे असा कोणालाही बदलता येणारा सामाईक मजकूर ठेवणारे संकेतस्थळ, सुरू केला, तो प्रोग्रामरांना आपापले अनुभव एकत्र लिहिता यावेत म्हणून. २००१ मध्ये विकिपीडिया आला, १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि विकी म्हणजे विश्वकोश असे समीकरण आपल्याकडे रूढ झाले. परंतु शिक्षकाच्या दृष्टीने या रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट लेखाच्या पानावर दिसत नाही. ती ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ या दोन टॅबांमागे असते. इतिहासात प्रत्येक बदलाची वेळ, बदल करणाऱ्याचे सदस्यनाम आणि जुना व नवा मजकूर शेजारी शेजारी पाहता येतो. चर्चा पानावर त्या बदलामागची कारणे वाचता येतात. उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याच्या विचाराचे केवळ शेवटचे टोक दिसते, तर येथे तो विचार कसा घडत गेला हे पाहता येते.

एक उदाहरण देते. आमच्या वर्गाचा छोटा विकी आहे. तो डॉकुविकी या मुक्त प्रणालीवर चालतो. तिला डेटाबेस लागत नाही आणि पाने साध्या मजकूर-फायलींत साठतात, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावरही ती चालते. त्यावर विद्यार्थी महाबळेश्वरच्या पठारावरील नद्यांचे पान लिहीत होते. एका विद्यार्थिनीने लिहिले की, कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाचही नद्या क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरातील गोमुखातून उगम पावतात. दुसऱ्या विद्यार्थ्याने ते वाक्य काढून टाकले. सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते, तर कृष्णा पूर्वेकडे निघून बंगालच्या उपसागराला जाते. मग सह्याद्रीच्या जलविभाजकाच्या दोन बाजूंना वाहणाऱ्या नद्यांचा उगम एकाच गोमुखात कसा असेल, असा त्याचा प्रश्न होता. पहिलीने वाक्य परत आणले, कारण तिच्या घरातील सर्वांची श्रद्धा त्या वाक्यात होती. त्याने ते पुन्हा काढले.

मी दोघांनाही चर्चा पानावर यायला सांगितले. तेथे तिसऱ्या विद्यार्थ्याने नकाशा जोडला, चौथीने वेण्णा माहुलीला आणि कोयना कराडला कृष्णेस मिळते हे दाखवून नद्यांची मांडणीच बदलली, आणि अखेरीस पानावर दोन वाक्ये राहिली. पहिल्यात परंपरेनुसार या पाच नद्यांचा उगम मंदिरात मानला जातो असे सांगितले होते आणि दुसऱ्यात पठाराच्या वेगवेगळ्या उतारांवरून प्रत्येक नदी कशी सुरू होते हे लिहिले होते. जलविभाजक ही संकल्पना मी फळ्यावर आकृती काढून अनेकदा शिकवली आहे. या विद्यार्थ्यांना ती समजली, कारण त्यांना तिचा आधार घेऊन आपले वाक्य टिकवायचे होते. शिवाय श्रद्धा आणि भूरचना यांविषयीची दोन्ही विधाने आपापल्या जागी ठेवून प्रामाणिकपणे कशी लिहावीत, हेही त्यांनी स्वतःच शोधून काढले.

आता दुसरी बाजू. असा उपक्रम फसतो तेव्हा कसा फसतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच राज्यात घडलेले आहे. अमेरिकेत सार्वजनिक धोरण या विषयाच्या वर्गांतून विकिपीडियावर लेखन करवून घेतल्यानंतर विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०११ मध्ये पुण्यातील तीन शिक्षणसंस्थांमध्ये तसाच पथदर्शी प्रकल्प सुरू केला. विद्यार्थ्यांनी इंग्रजी विकिपीडियावर आपापल्या विषयातील लेख लिहायचे, मदतीला प्रशिक्षित स्वयंसेवक आणि लेखनाला अंतर्गत गुण, अशी योजना होती. थोड्याच अवधीत विद्यार्थ्यांनी पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर मोठ्या प्रमाणात लेखांत येऊ लागला. प्रताधिकारभंगाची ही साफसफाई जगभरच्या स्वयंसेवी संपादकांवर पडली, त्यांचा रोष वाढला आणि २०११ संपण्यापूर्वीच प्रकल्प थांबवावा लागला.

या घटनेचा दोष विद्यार्थ्यांच्या अप्रामाणिकपणावर टाकला जातो, तो मला अन्याय्य वाटतो. शाळेपासून आपण त्यांना शिकवलेले असते की, उत्तर पुस्तकातल्या किंवा गाईडमधल्या शब्दांच्या जितके जवळ, तितके गुण अधिक. बारा-तेरा वर्षे ज्या सवयीला शाबासकी मिळाली, तीच सवय एके दिवशी अपराध ठरते आणि हे त्यांना आधी कोणी नीट समजावून सांगितलेले नसते. वाचलेला परिच्छेद मिटून ठेवून त्याचा आशय आपल्या वाक्यांत लिहिणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. ते आधी शिकवावे लागते. पुण्यात संख्या मोठी होती, भाषा बहुतेकांच्या घरची नव्हती, आणि सरावाची पायरी गाळून विद्यार्थी थेट जगापुढे उभे राहिले होते. म्हणूनच आमचा विकी पहिल्या सत्रात बंद असतो. वर्गाबाहेर तो कोणालाही दिसत नाही.

इतरांचे अनुभव वाचण्यास मी उत्सुक आहे. विशेषतः मराठी विकिपीडियावर नियमित काम करणाऱ्यांनी शिक्षकांकडून काय अपेक्षित आहे ते लिहावे.

चावडीवाचक

धागा वाचून समाधान वाटले. मी मराठी विकिपीडियावर दीर्घकाळ संपादन करतो आणि महाविद्यालयीन कार्यशाळांनंतर ‘अलीकडील बदल’ या पानावर काय येते, ते रोज पाहतो. ताईंनी पुण्याच्या प्रकल्पाबद्दल लिहिले ते मराठीलाही लागू आहे, किंबहुना अधिक लागू आहे, कारण इंग्रजीच्या तुलनेत आमच्याकडे तपासणारे हात फार थोडे आहेत. एका दुपारच्या कार्यशाळेतून आलेला मजकूर नीट करायला पुढे कित्येक दिवस लागतात आणि तोवर ते विद्यार्थी परत फिरकलेलेही नसतात. त्यांच्या चर्चा पानावर लिहिलेल्या सूचना कोणी वाचत नाही.

शिक्षकांना माझी पहिली विनंती अशी की, त्यांनी उपक्रमाआधी चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, तसे कळवावे आणि स्वतः किमान दोन-तीन लेख लिहून पाहावेत. ज्या शिक्षकाने स्वतःचे वाक्य कोणीतरी बदललेले अनुभवले आहे, तोच विद्यार्थ्याला त्या क्षणी आधार देऊ शकतो. दुसरी गोष्ट सर्वस्वी तांत्रिक आहे, पण तिच्यामुळे पुष्कळ कार्यशाळा पहिल्या तासातच कोलमडतात. एकाच इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. साठ विद्यार्थी प्रयोगशाळेत बसवून खाती उघडायला सांगितली की सातव्यापासून अडचण सुरू होते. विद्यार्थ्यांनी आदल्या दिवशी घरून आपापल्या मोबाइलवरून खाते उघडून यावे, किंवा हे बंधन लागू नसलेल्या अनुभवी सदस्याची मदत घ्यावी.

प्रत्येक सदस्याला धूळपाटी, म्हणजे सरावाचे स्वतःचे पान, असते. विद्यार्थ्याचा पहिला मजकूर तेथेच लिहिला जावा, सहाध्याय्याने तो वाचावा आणि नंतरच लेखात जावा. आता भर पडली आहे ती यंत्राने भाषांतरित केलेल्या किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून दिलेल्या मजकुराची. त्यातील वाक्ये वरवर सुबक दिसतात, पण संदर्भ म्हणून दिलेले पुस्तक शोधायला जावे तर ते कोठेच नसते. इतिहास पाहिला की हे ओळखता येते. माणूस स्वतः लिहितो तेव्हा तो परिच्छेद घालतो, शब्द बदलतो, संदर्भ जोडतो, असे लहान लहान बदल दिसतात. उचललेला मजकूर बहुधा एकाच संपादनात संपूर्ण येतो.

येथे एक सावधगिरीही सांगतो. इतिहासात बदलाचा आकार बाइटमध्ये, म्हणजे संगणकावरील साठवणीच्या मापात, दिसतो आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला, म्हणजे काना-मात्रेलाही, तीन बाइट लागतात. इंग्रजी अक्षराला एकच पुरतो. त्यामुळे ‘तीन हजार बाइटचा लेख’ अशी अट इंग्रजीच्या नियमावलीवरून घेतली, तर मराठीत ती जेमतेम एक हजार चिन्हांची होते. बाइटवर गुण देणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. खरे तर बाइटवर गुण देऊच नयेत.

गुरुजी_जिप

मी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवतो. वरील दोन्ही प्रतिसाद महाविद्यालयाला धरून आहेत, म्हणून शाळेच्या बाजूने थोडे लिहितो.

व्हॉट्सॲपबद्दल ताईंचे निरीक्षण बरोबर आहे, पण त्याला पूर्णपणे मोडीत काढू नये असे मला वाटते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला याच गटांतून दीक्षा ॲपचे दुवे घेऊन घरोघरी पोचली. ज्या घरात एकच स्मार्टफोन होता आणि तो वडिलांबरोबर सकाळी शेतावर किंवा कामावर जात होता, तेथे ती पोचली नाही हेही खरे आहे. आजही माझ्या वर्गातील मुलांचा सहयोग पालकांच्या फोनवर अवलंबून ठेवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. बाहेरच्या संकेतस्थळांवर मुलांची खाती उघडताना आपण शिक्षक याचा पुरेसा विचार करत नाही.

आमच्या शाळेत विकीची पद्धत आम्ही भिंतीवर आणली आहे. मोठ्या कागदावर एखादा विषय मध्यभागी लिहितो. प्रत्येक मुलाच्या पेनाचा रंग ठरलेला असतो. कोणीही लिहावे, कोणीही दुसऱ्याचे वाक्य बदलावे, पण खोडरबर वापरायचे नाही. जुन्या शब्दावर एक रेघ मारायची, म्हणजे आधी काय होते ते वाचता येते, आणि समासात बदलाचे कारण लिहायचे. आठवड्याने कागद भरला की मुले त्यावरून स्वच्छ प्रत करतात आणि ती संगणकावर जाते. जुना कागद मात्र जपून ठेवतो.

यातून घडलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माझ्या वर्गात काहींच्या घरी अहिराणी बोलतात आणि काहींच्या घरी पावरी. मराठीच्या तासाला पावरी बोलणारी मुले बहुधा गप्प असतात. रानभाज्यांचा कागद लावला, तेव्हा पहिल्या दिवशी अहिराणी बोलणाऱ्या मुलांनी शेतातल्या तीन-चार भाज्या लिहिल्या आणि थांबली. मग डोंगराकडच्या पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीने लिहायला सुरुवात केली. कोणती भाजी पहिल्या पावसानंतर लगेच येते, कोणतीचा कोवळा पालाच खातात, कोणती उकळून पाणी टाकून दिल्याशिवाय खाऊ नये, हे तिला आजीकडून माहीत होते. बाकीची मुले तिच्याभोवती जमून प्रश्न विचारू लागली आणि समासात तिचाच रंग सर्वाधिक दिसू लागला. ज्ञान कोणाकडे आहे याविषयीची संपूर्ण वर्गाची समजूत त्या आठवड्यात बदलली. पाठ्यपुस्तकातून हे मला करता आले नसते.

या माहितीचे पुढे काय करावे, हा माझा प्रश्न चावडीवाचक यांना आहे. ती मराठी विकिपीडियावर घालता येईल का?

चावडीवाचक

गुरुजी, आपला उपक्रम वाचून मन भरून आले. उत्तर मात्र स्पष्ट द्यावे लागेल : आजीने सांगितलेली माहिती आहे त्या स्वरूपात विकिपीडियावर घालता येत नाही. तेथे प्रत्येक विधानाला आधीच प्रसिद्ध झालेला, इतरांना तपासता येईल असा संदर्भ लागतो आणि स्वतः केलेले संशोधन स्वीकारले जात नाही. वनस्पतीची ओळख चुकली तर वाचणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते, हे लक्षात घेतले की या नियमाचे महत्त्व पटते.

परंतु म्हणून ती माहिती दुय्यम ठरत नाही. तिची जागा शाळेच्या स्वतःच्या विकीवर आहे. सांगणाऱ्या आजींच्या संमतीने, गावाच्या आणि तारखेच्या नोंदीसह ती तेथे लिहावी. मुलांनी स्वतः काढलेली वनस्पतींची छायाचित्रे मात्र, वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाकडून ओळख पक्की करून, विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर जरूर द्यावीत, कारण छायाचित्रांना तेथे स्वतःचे काम म्हणूनच जागा आहे. खाते शिक्षकांचे असावे आणि चित्रात मुलांचे चेहरे नसावेत.

ग्रंथपाल

विकिपीडियावरच सर्वांचे लक्ष असते, म्हणून विकिस्रोताकडे लक्ष वेधू इच्छिते. सहयोगी शिक्षणासाठी, त्यातही नवख्या विद्यार्थ्यांसाठी, मला ते अधिक योग्य वाटते.

विकिस्रोतावर प्रताधिकारमुक्त ग्रंथांची स्कॅन केलेली पाने चढवलेली असतात. डावीकडे यंत्राने ओळखलेला मजकूर आणि उजवीकडे मूळ छापील पानाचे चित्र, अशी मांडणी असते. विद्यार्थ्याने चित्र पाहून मजकूर दुरुस्त करायचा. दुरुस्ती झाली की पान पिवळे होते. मग दुसऱ्या सदस्याने ते पुन्हा तपासले की हिरवे होते. हा दुसरा टप्पा पहिल्याच सदस्याला स्वतः पार पाडता येत नाही. प्रणालीच तशी आहे. म्हणजे एकट्याने काम पूर्ण करणे अशक्य आहे आणि सहकार्य हा उपदेशाचा विषय न राहता कामाचा भाग होतो.

उचलेगिरीचा प्रश्नही येथे उद्भवत नाही, कारण मूळ मजकूर जसाच्या तसा उतरवणे हेच काम आहे. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतरचे साठ वर्षांचे प्रताधिकार संपले की साहित्य मुक्त होते. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे त्यांचे साहित्य २०११ च्या आरंभापासून मुक्त आहे. महात्मा फुले यांचे लेखन तर कधीच मुक्त झाले आहे. ज्यांचे नाव विद्यार्थी रोज ऐकतात, त्यांचे मूळ वाक्य अक्षर अक्षर तपासत वाचण्याचा अनुभव निराळा असतो.

येथे एक अडचण हमखास येते आणि तीच शिकवण्याची सर्वांत चांगली संधी ठरते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘करावें’, ‘त्यांत’, ‘नाहीं’ असे अनुस्वार जागोजाग असतात. विद्यार्थी ते चुकीचे समजून पुसून टाकतात. मग दुसरा विद्यार्थी तपासताना मूळ चित्राकडे बोट दाखवतो. आपल्याला योग्य वाटते ते लिहायचे की छापलेले आहे ते, असा वाद होतो आणि त्यातून संहितेशी प्रामाणिक राहणे म्हणजे काय, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना उमगते. पूर्वी भाषा कशी लिहिली जात होती, नियम कोणी आणि कशासाठी बदलले, हे प्रश्न मग ते आपणहून विचारतात. आमच्या ग्रंथालयात मराठी भाषा पंधरवड्यात आम्ही व्याख्यानांबरोबर हे काम ठेवतो आणि इच्छुक विद्यार्थी वर्षभर येत राहतात.

टंकलेखनाची भीती बाळगू नये. विकीच्या संपादन चौकटीतच मराठी अक्षरांतरण (रोमन अक्षरांतून टंकणे) आणि इनस्क्रिप्ट (देवनागरी कळफलक) या दोन्ही सोयी आहेत. अडचण होते ती शिक्षकांच्या जुन्या टिपणांची. ती युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या फाँटमध्ये असतात आणि विकीवर चिकटवली की निरर्थक अक्षरे उमटतात.

मांडवीकाठ

गोव्यातून एक भर. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला आणि पुढे २०१५ मध्ये कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला. त्यावर देवनागरी, रोमी (रोमन) आणि कन्नड अशा तिन्ही लिप्यांतील लेख एकत्र नांदतात. एकाच वर्गात देवनागरीतून शिकलेली आणि घरी रोमीतून वाचणारी मुले असतात. एकच विषय दोन लिप्यांत लिहिताना त्यांना परस्परांची गरज लागते. एखाद्या शिक्षणसंस्थेने आपले संचित खुले केले की विद्यार्थ्यांना कामासाठी केवढा पक्का पाया मिळतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. मराठीतील संस्थांनीही आपली जुनी नियतकालिके अशीच खुली करावीत, अशी माझी इच्छा आहे.

तृतीय_वर्ष

मी विद्यार्थी आहे आणि येथे सर्व शिक्षक लिहीत आहेत, म्हणून आमची बाजू मांडतो.

आम्ही गटकार्य या शब्दालाच घाबरतो. पाच जणांच्या गटात दोघे काम करतात आणि गुण पाचही जणांना सारखे मिळतात. विकीच्या इतिहासामुळे हे उघड होते, ही गोष्ट मला स्वागतार्ह वाटते. पण त्याच इतिहासाचे दडपणही येते. ज्याचे मराठी किंवा इंग्रजी चांगले आहे, तो इतरांची वाक्ये बदलत सुटतो आणि ज्याची वाक्ये बदलली जातात, त्याला ते सर्वांसमक्ष झालेले वाटते. माझ्या गटातील एका मैत्रिणीने त्यानंतर लिहिणेच थांबवले. तिच्याकडे माहिती होती, फक्त वाक्यरचना कच्ची होती.

शिवाय चर्चा पानावर आम्ही खरे लिहीत नाही. खरी चर्चा व्हॉट्सॲपवरच होते, कारण तेथे शिक्षक नसतात, आणि ठरलेली गोष्ट नंतर कोणीतरी चर्चा पानावर औपचारिक भाषेत लिहून टाकतो. आमच्यावर लक्ष ठेवले जात आहे असे वाटत असेल, तर तो सहयोग राहत नाही. यावर शिक्षकांनी विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

शब्दपेरणी

सर्वांचे मनापासून आभार. तृतीय_वर्ष यांच्या प्रतिसादाला आधी उत्तर देते, कारण तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दुसऱ्याचे वाक्य काढून टाकण्याची मुभा पहिल्या काही आठवड्यांत कोणालाच नसावी, असा नियम आमच्या वर्गात आहे. आधी फक्त भर घालायची, मग प्रश्न विचारायचे आणि त्यानंतर बदलायचे. बदलताना मूळ लेखकाची माहिती टिकली पाहिजे. भाषा सुधारणाऱ्याने बदलाच्या सारांशात ‘माहिती अमुक हिची, रचना बदलली’ असे लिहावे. गुणांकनातही माहिती आणणे, संदर्भ शोधणे, दुसऱ्याचा मजकूर सुधारणे आणि आपल्या मजकुरावरील आक्षेपाला उत्तर देणे ही निरनिराळी कामे धरावीत, म्हणजे वाक्यरचना कच्ची असलेल्या विद्यार्थिनीचा वाटा नोंदला जातो. सर्व गटाला एकच गुण देऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे.

खासगी गटातील चर्चेबद्दल आपण लिहिले ते मी मनावर घेते. विद्यार्थ्यांना शिक्षकांशिवाय बोलण्याची जागा हवीच. त्या गटांत डोकावण्याचा प्रयत्न कोणत्याही शिक्षकाने करू नये. माझी अपेक्षा इतकीच आहे की तेथे ठरलेल्या गोष्टीचे कारण पानाजवळ कोठेतरी राहावे, कारण पुढच्या वर्षीचा वर्ग तेच पान पुढे नेणार असतो आणि त्यांना त्या गटातले काहीच ठाऊक नसते. चर्चा पानावरील भाषा घरगुती असली तरी चालेल, हे मी आमच्या वर्गात आता स्पष्टपणे सांगेन. चर्चा पान वाचून त्यावर गुण देणेही बंद करता येईल. विद्यार्थ्याने स्वतः निवडून दाखवलेल्या दोन-तीन नोंदीच पाहाव्यात.

गुरुजींची रेघ मारण्याची पद्धत महाविद्यालयातही पहिल्या तासाला करून पाहण्यासारखी आहे. इतिहास म्हणजे काय हे पडद्यावर समजावण्यापेक्षा ती कितीतरी स्पष्ट आहे.

ग्रंथपालबाईंसाठी एक प्रश्न. नव्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत. महाबळेश्वरच्या नद्यांसाठी आमच्या विद्यार्थ्यांना मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरमधील १८८५ चा सातारा खंड वापरायचा आहे. तो इंग्रजीत आहे आणि मुक्त आहे. नद्यांविषयीचा भाग विद्यार्थ्यांनी मराठीत आणावा, दोघांनी मिळून प्रत्येक पान तपासावे आणि त्या वर्णनाची आजच्या नकाशाशी व प्रत्यक्ष पाहणीशी तुलना वर्गाच्या विकीवर लिहावी, असा विचार आहे. विद्यार्थ्यांनी केलेला अनुवाद विकिस्रोतावर ठेवता येतो का, आणि ठेवायचा झाल्यास मूळ इंग्रजी पाने आधी तेथे तयार असावी लागतात का?

ग्रंथपाल

विकिस्रोतावर सदस्यांनी केलेल्या अनुवादांविषयी प्रत्येक भाषेच्या समुदायाचे धोरण निराळे असते, म्हणून आधी मराठी विकिस्रोताच्या चावडीवर विचारावे. मूळ इंग्रजी पाने इंग्रजी विकिस्रोतावर पिवळ्या टप्प्यापर्यंत आलेली असली, तर अनुवादकाला पक्की संहिता मिळते, म्हणून काम तेथूनच सुरू करावे असा माझा सल्ला आहे. नद्यांचा भाग थोड्याच पानांचा असल्याने दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्यांना तो एका सत्रात सहज पेलेल. जुन्या इंग्रजी लेखनात गावांची नावे वेगळ्या वर्णांत असतात. ती नावे ओळखण्यासाठी त्या-त्या गावचे विद्यार्थी जोडीत असतील असे पाहावे. चावडीवर विचारणा करताना या धाग्याचा दुवाही द्यावा, मी तेथे उत्तर देईन.